पायाची धमनी बंद वाटणारा पेशंट उमरेडहून नागपूरला पाठवताना: कोणाकडे, किती घाईनं, काय करून?

उमरेड_जीपी (प्रश्न)

उमरेड-भिवापूर पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस आहे. मधुमेही आणि बिडी-खर्रावाले (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पेशंट भरपूर. छातीत दुखलं तर काय करायचं ते आता कंपाउंडरलाही पाठ आहे: ईसीजी काढा, ॲस्पिरिन चघळायला द्या, १०८ बोलवा. पायाच्या बाबतीत तसं काही बसलेलं नाही. ‘चाललं की पोटरी भरून येते’ म्हणणारा माणूस आधी ‘नस दबली’ म्हणून मणक्याचा एमआरआय काढून येतो, सहा महिने गोळ्या खातो आणि अंगठा काळा पडला की परत येतो.

विचारायचं ते असं. हा त्रास रक्तवाहिनीचाच आहे हे क्लिनिकमध्ये बसून किती खात्रीनं सांगता येतं? माझ्याकडे ८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉप्लर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) आणि साधं बीपीचं यंत्र आहे. नागपूरला पाठवायचं ते कार्डिओलॉजिस्टकडे की व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे? कोणाला त्याच रात्री पाठवायचं, कोणाला आठवड्यात, आणि कोणाला पाठवायचंच नाही? निघण्याआधी माझ्याकडून काय व्हायला हवं आणि काय होता कामा नये? योजनेच्या कागदांबद्दलही कोणी सांगितलं तर बरं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक मोजणी देतो. वय ६४, मधुमेह १५ वर्षं. उजवी पोटरी दोनेकशे मीटरवर दुखते. डाव्या अंगठ्याच्या टोकाला तीन आठवडे न भरणारी लहानशी जखम. वरचा दाब उजव्या हाताला १३८, डाव्या हाताला १५०. उजवा घोटा: पावलावरची धमनी ७०, घोट्यामागची ७८. डावा घोटा: २१० आणि २२०. घोट्याची सरासरी भागिले उजवा हात असं धरून उजवा एबीआय (घोट्याचा दाब भागिले हाताचा दाब) ०.५४ आणि डावा १.५६. म्हणजे उजव्या पायात अडथळा, डावा ठीक आणि जखम नुसती शुगरची, असं समजायचं का?

धंतोलीकर (व्हॅस्क्युलर सर्जरी)

डॉक्टरसाहेब, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण पाय गमावले जातात ते तिथेच. डावा पाय ठीक नाही. आधी बघायचा पाय तोच.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात आणि किडनीच्या आजारात पायाच्या धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसतं. भिंत पीव्हीसी पाइपसारखी कडक होते आणि बीपीचा कफ (पट्टा) फुगवला तरी दबत नाही. आपल्याला वाटतं रक्ताचा दाब मोजला, पण मोजलेला असतो भिंतीचा कडकपणा. १.४० च्या वर एबीआय आला तर चिठ्ठीवर ‘मोजता आला नाही’ असं लिहा, ‘नॉर्मल’ लिहू नका. त्याच पायावर न भरणारी जखम असेल तर रक्त कमी पोहोचतंय असंच धरून पुढे चला.

अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब कामाचा, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत कॅल्शियम कमी बसतं. अंगठ्यावर जखम असेल तर शेजारच्या बोटावर मोजायचा. ६० मिमी पाऱ्याच्या वर असेल तर जखम भरायला वाव आहे. ३० च्या खाली असेल तर महागडी मलमं आणि रोजचं ड्रेसिंग यानं काही होत नाही, आधी रक्त पोहोचवावं लागतं. बोटाचा लहान कफ तुमच्याकडे नसणार. पण डॉप्लर आहे, तेवढ्यावर एक जुनी युक्ती चालते. पेशंटला आडवा झोपवा, घोट्याजवळ आवाज पकडा आणि प्रोब तसाच धरून पाय सरळ हळूहळू वर उचला. आवाज बंद होईल त्या ठिकाणची बेडपासूनची उंची टेपनं मोजा. दर १३ सेंटिमीटरला १० मिमी पारा असा हिशेब. ५० सेंटिमीटरच्या आतच आवाज गेला तर घोट्याचा खरा दाब ४० च्या आसपास किंवा खाली आहे, मग कफनं २२० दाखवू दे नाहीतर ३००. भिंत कितीही कडक असली तरी गुरुत्वाकर्षणाला तिच्याशी देणंघेणं नाही.

मणका की धमनी, हे बरंचसं विचारूनच कळतं. धमनीचं दुखणं ठराविक अंतरावर येतं, चढावर लवकर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-पाच मिनिटांत जातं. मणक्याचं दुखणं उभं राहून जात नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असा माणूस सायकल आरामात चालवतो, दुकानात काउंटरवर ओणवा होऊन उभा राहतो. पोटरी दुखत असेल तर अडथळा बहुधा मांडीत किंवा गुडघ्यामागे. कुल्ला-मांडी दुखत असेल तर पोटात, महाधमनीच्या फाट्याशी. पुरुषाला लैंगिक कमजोरीही असेल तर ती याच फाट्याची असू शकते. विचारायला लाजू नका, पेशंट आपणहून सांगत नाही.

चाळिशीच्या आतला, मधुमेह नसलेला, पण बिडी-सिगारेट भरपूर ओढणारा माणूस तळव्याच्या कमानीत दुखतं म्हणाला तर बर्गर आजार मनात आणा. तिथे तंबाखू पूर्ण सुटली नाही तर बायपास, अँजिओप्लास्टी सगळं फोल जातं. आणि राजेहो, ‘बिडी सोडली, आता फक्त खर्रा’ हे सोडणं नाही. निकोटीन पन्नीतून आलं काय, धुरातून आलं काय, या आजाराला सारखंच.

हात लावून बघण्याबद्दल दोन गोष्टी. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांनाही जन्मतः लागत नाही, त्यामुळे फक्त तिच्यावर निदान करू नका. घोट्यामागची न लागणं जास्त बोलकं. दुसरं म्हणजे लाल पाय. गंभीर अडथळ्यात पाय खाली सोडला की तो लालबुंद दिसतो आणि सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) समजून दहा दिवस ॲण्टिबायोटिक दिलं जातं. पाय ४५ अंशांवर मिनिट-दोन मिनिटं वर धरा. पांढराफटक पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू जांभळट-लाल झाला तर ते रक्त कमी असल्याचं चिन्ह. सेल्युलायटिसची लाली पाय वर केला तरी बरीचशी राहते आणि पाय गरम लागतो.

घाईचं असं बघा. नुसतं चालताना दुखणारा, जखम नसलेला पेशंट तातडीचा नाही; औषध आणि चालण्याचा व्यायाम किमान तीन महिने. रात्री पडल्यावर पाय दुखतो, बेडखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. किंवा जखम भरत नाही. किंवा बोट कोरडं काळं पडलंय: हे सगळे त्याच आठवड्यात नागपूरला. तुमचा ६४ वर्षांचा पेशंट यातला. काळ्या बोटातून पू, वास, पावलावर सूज, ताप, दाबलं की त्वचेखाली चरचर: त्याच दिवशी, कारण आधी पू काढावा लागतो आणि रक्तपुरवठ्याचं त्यानंतर एक-दोन दिवसांत.

कोरडं काळं बोट गावात कापू नका. रक्त पोहोचत नसताना कापलं की कापलेली कडही काळी पडते, मग पाऊल आणि मग गुडघ्याखाली. आधी धमनी, नंतर बोट. ओल्या, पू झालेल्या पायाला मात्र हा नियम लागू नाही.

अचानक गार पडलेल्या पायावर वेगळं लिहितो.

डॉप्लर_टेक

सरांनी डाव्या पायाचं सांगितलंच आहे. मी मोजण्याच्या पद्धतीवर बोलते, कारण मोजणी चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

भागाकाराला खाली दोन्ही हातांपैकी जास्त दाब येतो, म्हणजे तुमच्या उदाहरणात १५०. वर त्या घोट्याच्या दोन धमन्यांपैकी जास्त दाब, सरासरी नाही. उजवा एबीआय ७८ भागिले १५०, म्हणजे ०.५२. इथे ०.५४ आणि ०.५२ नं निर्णय बदलत नाही. पण सीमेवरच्या पेशंटला उजव्या-डाव्या हाताच्या गोंधळात ०.८८ चं ०.९४ होतं आणि आजार निसटतो. ०.९० आणि त्याखाली म्हणजे अडथळा, ०.९१ ते ०.९९ सीमेवर, १.०० ते १.४० नॉर्मल. दोन हातांत १५ मिमीहून जास्त फरक सतत येत असेल तर ज्या हाताचा कमी येतो त्याच्या धमनीतही अडथळा असू शकतो, तेवढं चिठ्ठीत लिहा.

पेशंटला मोजण्याआधी दहा मिनिटं आडवा झोपू द्या. जिना चढून आलेल्याचा लगेच मोजला तर आकडा खोटाच येणार. कफची खालची कड घोट्याच्या हाडापासून दोन बोटं वर. जखम उघडी असेल तर आधी प्लास्टिकची पन्नी गुंडाळा. जेल भरपूर, प्रोब धमनीच्या दिशेला ४५ ते ६० अंश तिरका. टेकवा, दाबू नका. घोट्यामागची धमनी उथळ असते. बोट जोरात टेकलं तरी आवाज जातो आणि लोक ‘धमनी बंद’ लिहून मोकळे होतात. आवाज गेल्यावर आणखी २० मिमी फुगवा आणि सेकंदाला २-३ मिमी या वेगानं सोडा. भसकन सोडलं तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी वाचला जातो.

आकड्याबरोबर आवाजही लिहा. निरोगी धमनीचा आवाज तुटक आणि तीन टप्प्यांचा असतो. अडथळ्यापलीकडे तो एकाच टप्प्याचा, मंद, फुसफुसल्यासारखा येतो. डाव्या पायाचा कफ २२० दाखवतोय आणि आवाज मात्र असा फुसफुसता असेल तर खरं आवाजाचं मानायचं. एबीआय विश्रांतीत ०.९५ आणि तक्रार मात्र पक्की धमनीची, असं असेल तर पेशंटला दुखेपर्यंत चालवा किंवा टाचा उचलून पन्नासेक वेळा वर-खाली करायला लावा आणि लगेच परत मोजा. घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त उतरला तर अडथळा आहे.

कॅथलॅब_नागपूर (कार्डिओलॉजी)

कोणाकडे, या प्रश्नाला डॉक्टरच्या पाटीवरून उत्तर मिळणार नाही. नागपुरात पायाची अँजिओप्लास्टी कार्डिओलॉजिस्ट करतात, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात आणि व्हॅस्क्युलर सर्जनही करतात. पाठवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. गुडघ्याखालच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी नेहमी होते का? (मधुमेह्यांचा अडथळा बहुतेक तिथेच असतो, आणि मांडीतल्या स्टेंटच्या सवयीनं ते काम होत नाही.) बायपास करणारा सर्जन त्याच ठिकाणी आहे का? पायाच्या जखमेची काळजी कोण घेणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘ते तुमच्या गावी करा’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. धमनी उघडून दिली आणि जखमेकडे कोणी बघितलं नाही, तर तीन महिन्यांत सगळं पाण्यात.

सरकारी बाजूला मेडिकलचं (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आणि मिहानमधलं एम्स हे नेहमीचे मार्ग. बाहेरगावाहून येणाऱ्यानं ओपीडीचा वार आणि वेळ आधी विचारूनच निघावं, नाहीतर नाव नोंदवण्यातच दिवस जातो.

आता हृदयाचं. पायाच्या धमनीत अडथळा असलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्यांत आणि मानेतल्या धमनीतही चरबी साठलेली असण्याची शक्यता मोठी. ‘फक्त पायाचा पेशंट’ असा नसतोच. यातले बरेच जण पुढे हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसनं जातात. म्हणून प्रत्येकाला ईसीजी, आणि ऑपरेशनकडे जाणाऱ्याला इकोसुद्धा. मात्र पायाच्या ऑपरेशनआधी सरसकट हृदयाची अँजिओग्राफी करून स्टेंट टाकायची गरज नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्प चाचणीत स्थिर हृदयरोग असलेल्यांना व्हॅस्क्युलर सर्जरीआधी हृदयाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी करून जगण्यात फायदा दिसला नाही. छातीत नव्यानं दुखणं, विश्रांतीत दम लागणं, हृदयाचं पंपिंग खूप कमी असणं, मुख्य डाव्या धमनीत अडथळा: हे असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर एका स्टेंटपायी दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होतात आणि सडत चाललेल्या पायाचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

पायाच्या बाबतीत मी शक्यतो आधी अँजिओप्लास्टीच्या बाजूचा. भूल कमी, दोन दिवसांत घरी, परत अडथळा आला तर परत करता येते.

धंतोलीकर

शेवटच्या वाक्याशी अर्धाच सहमत. २०२२ मध्ये आलेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत, मांडी-पोटरीची लांब शीर चांगली असलेल्या पेशंटमध्ये बायपासचा निकाल अँजिओप्लास्टीपेक्षा सरस ठरला. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये, जिथे अडथळा गुडघ्याखाली होता, तिथे आधी अँजिओप्लास्टी केलेला गट पुढे राहिला. पेशंट वेगळे, धमन्या वेगळ्या. म्हणून ठरवण्याआधी पायाच्या शिरेचा डुप्लेक्स (रक्तवाहिनीची डॉप्लर सोनोग्राफी) करून ती किती जाडीची आहे ते बघायला हवं. तीन मिमीहून बारीक असेल तर बायपासचा आग्रह मीही धरत नाही.

इथे गावातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगणं एकच. घोट्याच्या आतल्या बाजूच्या शिरेत सलाईनची सुई लावू नका. हाताची शीर मिळत नाही म्हणून तिथे लावलेली एक सुई ती शीर सुजवून बंद करते. पायाच्या बायपासला तीच शीर लागते आणि उद्या हृदयाच्या बायपासला सर्जन तीच मागणार.

आता अचानक गार पडलेला पाय. हा पायाचा हार्ट अटॅक समजा, पण इथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन गावात द्यायचं नसतं. अचानक दुखणं, पाय पांढरा, गार, नाडी नाही, मुंग्या, मग बधिरपणा आणि शेवटी बोटं हलेनात. कारण बऱ्याचदा हृदयातून सुटलेली गुठळी, म्हणून ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) शोधा. तरुण बाईत संधिवाताच्या तापानं खराब झालेली झडप असू शकते. दुसरं कारण म्हणजे जुन्याच अडथळ्यावर बसलेली नवी गुठळी. तिथे दुसऱ्या पायाची नाडीही सहसा कमजोर असते.

साधारण सहा तासांत रक्त परत आलं नाही तर स्नायू मरायला लागतात. हे सहा तास दुखायला लागल्यापासूनचे, तुमच्याकडे आल्यापासूनचे नाहीत. उमरेडहून तास-दीड तास लागतो, गडचिरोलीहून चार, आणि भामरागडवाल्याचे तर सहाच्या सहा रस्त्यातच संपतात. म्हणून निघण्याआधीच हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) शिरेतून एकदम, किलोमागे ८० युनिट किंवा सरळ ५,००० युनिट. मेंदूत रक्तस्राव, चालू रक्तस्राव किंवा महाधमनी फाटल्याची शंका नसेल तरच. छाती-पाठ फाडल्यासारखी दुखून मग पाय गार पडला असेल तर हेपॅरिन नको, आधी सीटी. हेपॅरिननंतर कंबरेत-दंडात डायक्लोफेनॅक टोचू नका, तिथे रक्ताची गाठ होते. दुखण्यासाठी ट्रामाडॉल शिरेतून द्या. ऑक्सिजन, सलाईन, आणि पोटात काही नको.

पाय गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि गरम केलेल्या स्नायूला जास्त रक्त लागतं, जे येतच नाहीये. पाय उंचावर ठेवू नका, उलट डोक्याकडची बाजू जरा वर. कापसात सैल गुंडाळा, घट्ट क्रेप नको.

फोनवर सर्जनला नेमकं सांगा: दुखणं किती वाजता सुरू झालं, बोटांना स्पर्श कळतो का, घोटा आणि बोटं हलतात का, आणि धमनी-शीर दोन्हींचा डॉप्लर आवाज येतो का. शिरेचा आवाज तळवा दाबला की येतो. स्पर्श थोडा कमी, पण हालचाल आहे: काही तास हातात आहेत. हालचाल कमी झाली: थेट ऑपरेशन थिएटर, सीटी अँजिओसाठी थांबू नये. पोटरी लाकडासारखी कडक, काहीच हालत नाही, शिरेचाही आवाज नाही: तो पाय वाचत नाही. उलट रक्त सोडलं तर मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम हृदयाकडे येऊन जीव जातो. नातेवाइकांना हे निघतानाच सांगा, नाहीतर ‘नागपूरला नेलं म्हणून पाय कापला’ असं होतं.

वेळेत गुठळी निघाली तरी पहिल्या चोवीस तासांत पोटरी सुजून टणक होऊ शकते. तेव्हा कातडी आणि आतलं आवरण लांब कापून उघडावं लागतं. असा उघडा पाय घेऊन पेशंट तुमच्याकडे परत येईल, घाबरू नका.

उमरेड_जीपी

खूप कामाचं आहे हे. आणखी तीन शंका. सीटी अँजिओग्राफी इथूनच करून पाठवू का? क्रिएटिनिन वाढलेल्याचं काय? आणि चालण्याचं अंतर वाढावं म्हणून देतात त्या पेन्टॉक्सिफायलिन, सिलोस्टाझोल यातलं काय ठेवू?

कॅथलॅब_नागपूर

सीटी आधीच काढून पाठवू नका. मधुमेह्याच्या गुडघ्याखाली कॅल्शियमच इतकं चमकतं की आतली पोकळी उघडी की बंद कळत नाही. मग इथे परत अँजिओग्राफी, म्हणजे किडनीला दुसऱ्यांदा डाय (फोटोत धमनी दिसावी म्हणून सोडतात ते औषध). एबीआय, आवाज, जखमेचा फोटो, क्रिएटिनिन, ईसीजी एवढं पुरे. डुप्लेक्स इथे होईल. काढलंच असेल तर सीडी द्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून बलून कुठे न्यायचा ते ठरत नाही.

ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन द्यायचंच नसतं; ३० ते ६० असेल तर डायच्या वेळी बंद आणि पुढे ४८ तास बंद. क्रिएटिनिन परत बघून सुरू. डायच्या आधी एक-दोन दिवस वेदनाशामक गोळ्या बंद. नागपूरच्या मे महिन्यात पेशंट आधीच सुकलेला येतो, म्हणून प्रवासात पाणी पाजा. हृदय कमजोर असेल तर बेतानं. किडनी फारच खराब असेल तर डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरूनही पायाची अँजिओग्राफी होते, पण ती सगळीकडे होत नाही, विचारूनच पाठवा.

पेन्टॉक्सिफायलिन बंद करा, चालण्याच्या अंतरात त्याचा म्हणावा तसा फायदा नाही. सिलोस्टाझोल १०० मिग्रॅ दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दोन तासांनी. हार्ट फेल्युअर असेल तर अजिबात नाही, मग ते सौम्य का असेना; द्यायच्या आधी इको हवा. डिल्टियाझेम किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर डोस निम्मा. डोकं दुखणं, धडधड, जुलाब होतात. आठवडाभर ५० वर सुरू केलं तर पेशंट टिकतो. तीन महिन्यांत फरक नसेल तर थांबवा.

ही सगळी लक्षणांची औषधं. जीव वाचवणारी दोन वेगळी: ॲस्पिरिन ७५ किंवा क्लोपिडोग्रेल ७५, आणि भरपूर डोसचं स्टॅटिन, ॲटॉरव्हास्टॅटिन ४०-८०. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली आणायचं. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ म्हणून स्टॅटिन बंद केलेले पेशंट सारखे येतात; ते गोळीमुळेच नॉर्मल असतं. बीटा-ब्लॉकर पायामुळे बंद करायची गरज नाही.

अँजिओप्लास्टी करून परत आलेला पेशंट तुमच्याकडे आला की जांघ, म्हणजे सहसा नळी घालतात ती जागा, उघडून बघा. धडधडणारी गाठ लागली तर खोटी धमनीफुगी, त्याच दिवशी डुप्लेक्स. गाठ नाही पण कंबर दुखते, दाब उतरतोय, नाडी वेगात आहे: पोटामागे रक्त साचतंय, ‘ॲसिडिटी’ म्हणून ठेवून घेऊ नका.

योजना_कक्ष

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि २०२३ च्या शासन निर्णयानंतर पिवळ्या-केशरीबरोबर पांढरी शिधापत्रिकाही चालते. मूळ रेशनकार्ड, आधार, रेफरची चिठ्ठी. अडतं ते नावात: आधारवर ‘रामभाऊ’ आणि रेशनकार्डावर ‘रामराव’ असलं की मंजुरी लटकते. रेशनकार्डात नावच नसलेली सून किंवा आईही नेहमीची. बिनघाईच्या पेशंटला हे गावातच नीट करून निघू द्या.

हॉस्पिटल योजनेत आहे एवढं विचारून भागत नाही. हृदयाच्या कामासाठी जोडलेलं आहे की व्हॅस्क्युलर शस्त्रक्रियेसाठीही, ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) किंवा १५५३८८ वर विचारा. पूर्वमंजुरीला डॉप्लरचा रिपोर्ट, अँजिओचे फोटो आणि पेशंटचा चेहरा व पाय दिसेल असा फोटो जातो. अचानक गार पडलेल्या पायाला कागदांची वाट बघायची नाही. हॉस्पिटल फोनवरून तातडीची मंजुरी घेतं, कागद मागून येतात. भरती होण्याआधी बाहेर स्वखर्चानं केलेल्या तपासण्यांचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका.

फिजिओ_सदर

‘चालत जा’ एवढं सांगून पेशंट चालत नाही. चिठ्ठीवर डोस लिहून द्या: आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ३० ते ४५ मिनिटं, किमान १२ आठवडे. मध्यम ते जोराचं दुखेपर्यंत चालायचं, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं किंवा बसायचं, मग परत. थांबण्याची मिनिटं त्या ३०-४५ मध्ये धरलेली आहेत. दुखलं म्हणजे धमनीला इजा झाली असं नाही, हे पेशंटपेक्षा त्याच्या बायकोला आधी पटवा. नाहीतर घरातूनच चालणं बंद होतं. पहिल्या दिवशी आणि दर महिन्याला, दुखणं सुरू होण्याचं अंतर विजेच्या खांबांत मोजून लिहायला सांगा.

पायाला जखम असेल किंवा रात्री विश्रांतीत दुखत असेल तर हा व्यायाम नाही, आधी धंतोलीकर सरांचं काम. एप्रिल ते जून पहाटे सहाच्या आत, किंवा शाळेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात. संवेदना गेलेल्या मधुमेही पायानं दुपारी देवळाच्या आवारातल्या फरशीवर अनवाणी चाललं तर तळव्याला फोड येतात आणि माणसाला रात्री पाय बघेपर्यंत कळत नाही. नवरात्रात कोराडीला अनवाणी चालत जायचा नवस असेल तर जाडसर सुती मोजे तरी घालायला लावा, आणि परत आल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट तळवा आरशात बघायला.

उमरेड_जीपी

६४ वर्षांवाल्याला सोमवारी पाठवतो. डाव्या पायाची उंची मोजून चिठ्ठीत लिहीन, सीटी न काढता.

डॉप्लर_टेक

उंची बेडपासून मोजा, पण त्याच्या डोक्याखालची उशी आधी काढा. आणि दोन्ही पायांची मोजा, म्हणजे सरांना तुलना करता येईल.